सोड्याच्या गोटीनं रिकामा ठरवलेला खण

अगं, जरा इकडे सरक, जवळ बस, असं म्हणणार होते. पण तू बसलीस तिकडे पुण्यात आणि मी इथे अमरावतीत कागद पुढ्यात घेऊन. तरी जवळ बसल्यासारखीच ऐक. आधी थोडं रागावून घेते. मागल्या रविवारी फोनवर मी विचारलं, बाई, तू दिवसभर त्या ऑफिसात करतेस तरी काय, तर म्हणालीस, "आजी, तुला नाही कळायचं." हे बरं नाही. मी हट्ट धरला तेव्हा सांगितलंस, की कम्प्युटरच्या मेमरीत रिकामी जागा कुठे आहे ते शोधून द्यावं लागतं आणि तुमची सगळी मंडळी तेवढंच काम करून राहिली. मी हसले, तर तुला वाटलं म्हातारीच्या डोक्यावरून गेलं. डोक्यावरून गेलं नाही म्हणूनच हसले. हे काम आमच्या राजापेठेतल्या घरमालकांनी सोड्याच्या बाटलीतल्या गोटीनं केलेलं आहे, आणि त्या गोटीपायी माझी जी शोभा झाली ती अजून कोणाला सांगितली नाही. तुझ्या आजोबांनाही अर्धीच ठाऊक होती.

घरमालकांचं नाव लिहीत नाही. त्यांची नातवंडं याच गावात आहेत आणि मी काय लिहिते यावर त्यांचं लक्ष असतं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. अकोल्याच्या एका शाळेत जन्मभर गणित शिकवून ते निवृत्त झाले आणि राजापेठेतल्या आपल्या घरी येऊन राहिले. घर म्हणजे मधे अंगण आणि भोवती खोल्या. आम्ही चार बिऱ्हाडं भाड्यानं. माझं लग्न होऊन नुकतीच मी तिथं आले होते. तुझे आजोबा जंगल खात्यात कारकून, धारणीला नेमणूक. रस्ते असे की महिन्यातून एकदा आले तरी कंबर धरून यायचे. त्यामुळं दोन खोल्यांत मी आणि सासूबाई.

मास्तरांच्या कोटाच्या खिशात कायम खडूचा तुकडा असे. शंका आली की जिथं असतील तिथं मांडणी सुरू. भिंतीवर, ओट्यावर, एकदा तर दुधवाल्याच्या म्हशीवर. म्हैस काळीभोर, फळ्यासारखी, आणि ती उभीही छान राहते, असं त्यांचं म्हणणं. दुधवाला बिचारा पाठीवर त्रैराशिक घेऊन गावभर हिंडला. दुसऱ्या दिवशी मास्तर त्याची वाट पाहत दारात उभे, कारण उत्तर शेपटीकडं राहिलं होतं.

सगळ्यांना ते "तुमी" म्हणत. मला, पोरांना, मांजरालाही. "तुमी इथी कावून बसल्या?" म्हणजे का बसल्या, असं मांजरीला विचारत आणि ती उठेपर्यंत थांबत. आणि जागा विचारल्याशिवाय बसत नसत. बडनेऱ्याच्या बसमध्ये एकही माणूस नसला तरी कंडक्टरला विचारायचे, "ही जागा रिकामी आहे काय?" कंडक्टर म्हणे, "मास्तर, पूर्ण गाडी रिकामी आहे." त्यावर ते म्हणत, "तुमी दिसते ते सांगून राहिले. मी विचारून राहिलो, इथी कोणी येणार आहे काय?"

मूर्तिजापूरच्या एका लग्नात तर कहर. मास्तर मुलीकडचे म्हणून पंगतीची व्यवस्था त्यांच्याकडं. पहिली पंगत बसली, वाढप सुरू, तेवढ्यात मधून दोन-तीन लेकरं उठून गेली. झाले पाट मोकळे. उशिरा आलेले पाहुणे दारात ताटकळत, आणि वाढपी पूर्ण रांगेत कुठं पाट मोकळा दिसतो ते पाहत फिरतात. मास्तरांना ते सहन होईना. त्यांनी टाळी वाजवून सांगितलं, "सगळे जण पुढं सरका, म्हणजे मोकळी जागा सगळी एका टोकाला येईल." मंडळी सरकली. मास्तर म्हणतात म्हणून सरकली. पण माणसं सरकली आणि पत्रावळी जागच्या जागी राहिल्या. नवरदेवाचे मामा दुसऱ्याच्या अर्ध्या खाल्लेल्या पुरणपोळीसमोर येऊन बसले. मग काय, उष्टं समोर आलं म्हणून मामा उठले, मामा उठले म्हणून अर्धी पंगत उठली. मास्तर मात्र खडू काढून खांबावर लिहीत होते. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी विचारलं, "आता काय लिहून राहिले?" म्हणाले, "तत्त्व बरोबर होतं. पानासकट सरका म्हणाले पाह्यजे होतं."

मी हसते खरी, पण त्या पंगतीत मीही सरकले होते. दुसऱ्याच्या पानातली कोशिंबीर थोडी खाऊनही झाली होती, तेव्हा कुठे लक्षात आलं.

असा माणूस मुंबईला गेला. त्यांचा एक जुना विद्यार्थी तिथं मोठ्या संस्थेत होता, त्यानं त्यांना नेऊन कम्प्युटर दाखवला. तेव्हा तो शब्द आम्ही ऐकलेला नव्हता, ते "यंत्र" म्हणत. कापसाच्या जिनिंगच्या खोलीएवढं यंत्र, आणि ते तापू नये म्हणून खोलीत थंडी अशी की मास्तर उपरणं कानाला गुंडाळून उभे राहिले. परत आले ते वेगळेच होऊन. अंगणात सगळ्यांना बसवून सांगितलं, की त्या यंत्राची आठवण म्हणजे मण्यांसारखी बारीक कडी, तारांमध्ये ओवलेली, एकेका कड्यात एकेक गोष्ट.

"म्हणजे मंगळसूत्रच की," मालकीणबाई म्हणाल्या.

"मंगळसूत्रात रिकामा मणी कोणता, सांगता येते काय तुमाले?"

"माह्या तर सगळ्याच मण्यांत तुमी भरले आहे," त्या म्हणाल्या, आणि हे कौतुकानं म्हणाल्या की वैतागून ते कोणालाच कळलं नाही.

मास्तरांना टोचलं ते एवढंच. नवी गोष्ट ठेवायची तर रिकामं कडं कोणतं, हे यंत्राला कसं कळतं? विद्यार्थी म्हणाला, पहिल्यापासून एकेक पाहत जायचं. मास्तरांना ते फार हलकं वाटलं. "दारोदार जाऊन विचारायचं, घरात कोणी आहे काय, घरात कोणी आहे काय? हे भिक्षेकऱ्याचं काम झालं. रिकाम्या जागेनं स्वतः होऊन सांगितलं पाह्यजे." पुढचे कित्येक दिवस ते जेवताना मधेच थांबत आणि वाटीकडं पाहत बसत.

मग त्यांनी ते कपाट बनवलं. अंगणाला लागून सामायिक कोठीची खोली होती. आमच्या खोल्या एवढाल्या, तेव्हा लोणच्याच्या बरण्या, पापडाचे डबे, साठवणीचं सगळं तिथंच. मास्तरांनी भिंतभर खणांची मांडणी करवून घेतली. प्रत्येक खणाच्या तळाशी एक फळी, तिच्याखाली जुन्या सायकलच्या सीटची स्प्रिंग. खणांच्या समोरून वरपासून खालपर्यंत नागमोडी उतरती पन्हळ, आणि प्रत्येक खणासमोर त्या पन्हळीला भोक. खणात बरणी ठेवली की फळी दबायची आणि भोकावर झाकण यायचं. खण रिकामा असला की भोक उघडं. वरून गोटी सोडायची. भरलेल्या खणांसमोरून ती गडगडत पुढं जाणार आणि पहिला रिकामा खण आला की भोकातून आत पडणार, टक्क. तिथं तुमची बरणी ठेवायची. काही शोधायचं नाही, डोकावायचं नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती जादूच वाटली. आता तू सांगतेस त्यावरून वाटतं की फार चुकीचं नव्हतं ते.

जाच एकच होता. कोणाची जागा ठरलेली नाही. गोटी पडेल तिथं तुमचा डबा, आणि कुठं ठेवला ते तुम्ही लक्षात ठेवा. आमच्या सासूबाई मूळच्या पुण्याकडच्या, स्वतःच्या बरणीची जागा विसरतील असं त्यांना स्वप्नातही वाटेना. त्या आत्मविश्वासानं आम्ही उन्हाळाभर शेजारच्या वकिलीणबाईंचं कैरीचं लोणचं खाल्लं. सासूबाई म्हणायच्या, "यंदा माझा हात काय बसलाय!" आणि मी मान डोलवायची. वकिलीणबाई तिकडे आमचं खात होत्या आणि नवऱ्याला सांगत होत्या, की यंदा मोहरी कडवट निघाली.

आता माझ्या डब्याचं सांगते. माझं माहेर अकोल्याजवळच्या खेड्यातलं, काळ्या मातीचं. गावातली शाळा चौथीपर्यंत, म्हणून मीही चौथीपर्यंत. पण वाचायचा नाद लागलेला. सासरी पुस्तक कुठून आणणार? गल्लीतला वाणी जिऱ्याच्या, गुळाच्या, हळदीच्या पुड्या बांधून देई त्या जुन्या साप्ताहिकांच्या कागदात. पुडी रिकामी झाली की मी तो कागद हातानं सपाट करून गादीखाली ठेवायची आणि दुपारी वाचायची. अर्धी गोष्ट, पाव कविता, कोणाच्या तरी प्रवासाचा मधलाच तुकडा. हळदीच्या कागदावरचं सगळं पिवळं व्हायचं, पण अक्षर लागायचं. सासूबाईंच्या लेखी कागद म्हणजे चूल पेटवायची वस्तू. गादीखालचा गठ्ठा एकदा अर्धा जळाला. एक बाई नदीत उडी टाकायला काठावर उभी होती, पुढचा कागद चुलीत गेला. ती बाई वाचली की नाही, मला आजवर ठाऊक नाही.

तेव्हा मी माहेरून आणलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, कागद त्यात भरले, आणि एका दुपारी सगळे निजलेले असताना कोठीत जाऊन गोटी सोडली. पडली त्या खणात डबा ठेवला. वाटलं, झालं, सुटले. अक्कल बघ माझी. कागदाच्या डब्याला वजन कितीसं! सायकलच्या सीटची स्प्रिंग ती, माझ्या विद्येनं ती तसूभरही दबली नाही.

पुढं चारातलं एक बिऱ्हाड गेलं आणि त्यांच्या जागी अकोल्याहून नवं आलं. त्यांची लोणच्याची बरणी ठेवायला मास्तरांनी गोटी सोडली, ती माझ्या खणात. पाहतात तर आत डबा. मास्तरांनी झाकणाच्या बिजागरीला तेल घातलं, पुन्हा सोडली. पुन्हा तिथंच. आमच्या खोलीची खिडकी कोठीकडं होती, मी सगळं ऐकत होते. टक्क, आणि मास्तर म्हणतात, "अरे." टक्क, "अरे."

शेवटी ते अंगणात येऊन म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही. डबा रिकामा आहे. रिकाम्या डब्यानं जागा अडवणं बरोबर नाही. उद्या काढून भंगारात देतो."

आता तू म्हणशील, मग सांगायचं होतंस ना आजी, की माझा आहे. अगं, कशी सांगणार? मास्तरांशी मी तोवर एक शब्द बोललेली नव्हते. डोक्यावर पदर, ते समोरून आले की भिंतीकडं तोंड. काही निरोप असला तर सासूबाईंनी सांगायचा. आणि सासूबाईंना सांगावं, की माझा डबा वाचवा, आत तुमच्या चुलीची सामग्री आहे?

तेव्हा मला सुचलं की डबा जड करावा. हुशार होते ना. चौथी पास. घरात जड काय, ते शोधलं, तर हाताला आला पाट्यावरचा वरवंटा. तो उचलला, पदराखाली घेतला, डब्यात कागदांवर ठेवला. फळी दबली, झाकण बसलं. इतका आनंद मला मॅट्रिक होऊनही झाला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी गोटी सोडली, ती माझ्या खणासमोरून सरळ पुढं गेली. "अरे." इकडे त्याच वेळी सासूबाई चटणी वाटायला बसल्या. पाटा आहे, वरवंटा नाही. आता वरवंटा ही काही उडून जायची वस्तू नव्हे. सासूबाई चुलीमागं पाहतात, मोरीत पाहतात, मलाही शोधायला लावतात, आणि मी गादी उलटून, हंड्यात हात घालून शोधते आहे. मनापासून. मग सासूबाईंना आठवलं की काल वकिलीणबाई उसना मागायला आल्या होत्या.

"मी मागितला, तुमी कुठी दिला?" वकिलीणबाई म्हणाल्या.

"दिला नाही म्हणूनच विचारतेय."

"म्हंजे मी चोरला म्हणता?"

"मी तसं म्हटलेलं नाही. तुम्ही म्हणताय."

दोघींचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. एका उन्हाळ्याचं लोणचं बाहेर निघालं, त्यामागची मोहरी निघाली, वकीलसाहेबांच्या न चालणाऱ्या वकिलीवर गोष्ट आली. मी आत भिंतीला टेकून उभी. मास्तर कोठीच्या दारात उभे राहून एकदा भांडणाकडं आणि एकदा कपाटाकडं पाहत होते. मालकीणबाई धान्य निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "काल रिकामा होता तो डबा आज भरला, आन् काल होता तो वरवंटा आज नाही. गणित शिकवलं ना तुमी?"

मास्तरांनी डबा आणून ओट्यावर ठेवला. चारही बिऱ्हाडं अंगणात जमली. वकीलसाहेब म्हणाले, "उघडा की." मास्तर म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात मी विचारल्याशिवाय शिरत नाही. ज्याचा डबा त्यानं सांगावं. कोणीच सांगितलं नाही तर तो कोणाचाच नाही. मग खणही मोकळा, डबाही मोकळा."

आणि त्यांनी एकेका बिऱ्हाडाला विचारलं. नव्यांनी मान हलवली. वकिलीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडं असला गंजका डबा नाही." मग आमची पाळी. सासूबाई म्हणाल्या, "आमचा नाही. आमचा एकूण एक डबा मला माहीत आहे."

झालं. घरातल्या कर्त्या बाईनं सांगितलं आमचा नाही, म्हणजे नाही. यावर सुनेनं काही बोलणं म्हणजे चार लोकांत सासूला खोटं पाडणं. सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, की चारचौघांत बोलू नये, आणि बोलायचंच झालं तर ते खेड्यातलं मले-तुले नको. मी दाराआड. मास्तरांनी डब्याच्या झाकणाला हात लावला आणि एकवार सगळ्यांकडं पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढं आला वाण्याचा भाऊ, तो भंगार गोळा करायचा, आणि त्याच्या गाडीवर माझी अर्धी गोष्ट, पाव कविता, सगळा पिवळा संसार.

"तो डबा माहा आहे."

माझाच आवाज, पण मला वाटलं मागून कोणीतरी बोललं. नको ते सगळं एका वाक्यात झालं. बोललेही, माहा-तुहाही केलं, सासूबाईंना खोटंही पाडलं, आणि वर पदर खांद्यावर आलेला.

मास्तर माझ्याकडं वळले, मांजराशी बोलत तितक्याच अदबीनं म्हणाले, "तुमचा म्हणता. मग आत काय आहे, सांगा."

"कागद," मी म्हणाले. आणि मग सांगावंच लागलं, "आन् वरवंटा."

वकीलसाहेब आधी हसले, मग सगळेच. वकिलीणबाई हसता हसता ओट्यावर बसल्या आणि भांडण तिथंच विसरल्या. सासूबाई हसल्या नाहीत. आणि मास्तर हसले नाहीत. ते पायरीवर बसले, चेहरा उतरलेला.

"कागद कशाचे?"

"पुड्यांचे. वाचतो मी."

"म्हणजे खण भरला होता," ते हळू म्हणाले. "भरला होता आन् माह्या यंत्रानं रिकामा म्हटलं. मी भंगारात देऊन राहिलो होतो." कोणी समजूत घालू लागलं तर म्हणाले, "नाही. वजन पाहत बसलो मी. ज्याची वस्तू आहे त्याले विचारलंच नाही."

आठवडाभर कोठी बंद होती. उघडली तेव्हा स्प्रिंगा गेल्या होत्या. प्रत्येक खणाला पत्र्याचं एक पान लावलं होतं, ते फिरवलं की भोकावर येई. मास्तरांनी नियम सांगितला. ज्याची वस्तू त्यानं आपल्या हातानं पान फिरवायचं, आणि नको झाली की आपल्याच हातानं परत फिरवायचं. आत डोंगर असो की पीस असो, दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही. मग मला बोलावलं, सासूबाईंसमोर, आणि पहिलं पान मला फिरवायला लावलं.

सासूबाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. वरवंटा तेवढा चारदा धुतला, जणू त्याला विद्येचा विटाळ झाला. दिवेलागणीला म्हणाल्या, "एवढं काय आहे त्यात, वाच बघू." मी वाचलं. जोडाक्षराशी अडखळत, माझ्या खेड्यातल्या हेलात. एक माणूस विहिरीत उतरतो आणि दोर वर ओढला जातो, तिथं कागद संपला.

"पुढं?"

"पुढं नाही. इथंच गूळ संपला."

सासूबाईंनी चपला घातल्या. वाणी नंतर सगळ्या गल्लीला सांगत होता, की बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "गूळ नको. याच्या पुढचा कागद काढ." त्यानं गठ्ठा उपसला, सापडला नाही, तेव्हा त्याला म्हणाल्या, "मग आता तूच सांग दोर कोणी ओढला." त्यांना अक्षर येत नव्हतं गं. मला इतके दिवस ते कळलंच नव्हतं.

पुढं तुझ्या आजोबांची बदली अकोल्याला झाली आणि आम्ही घर सोडलं. डबा मी बरोबर नेला. गडबडीत खणाचं पान फिरवायचं राहून गेलं. राहून गेलं असंच मी सगळ्यांना सांगत आले आहे.

बऱ्याच वर्षांनी, तुझी आई शाळेत जायला लागली होती, मी अमरावतीला एका बारशाला गेले आणि मास्तरांना भेटायला गेले. म्हातारे झाले होते, खडू हातात थरथरायचा. मालकीणबाईंनी मला पाहिल्या पाहिल्या पाणीसुद्धा विचारलं नाही. "आली वं तू? बरी आली. सांगून टाक बाप्पा याहीले." मला कळेना. त्यांनी कोठीत नेऊन दाखवलं. सगळे खण गच्च, जमिनीवर बरण्या, आणि मधे माझा खण रिकामा, धूळ बसलेला, पान मी फिरवलं होतं तसंच. "इतके वर्ष सांगून राहिली, ते पोरगी गेली, आता कायले पाह्यजे तिले खण. तर हे म्हणते, त्याहीनं स्वतः सांगितलं नाही. माही बरणी उशाशी घेऊन झोपतो मी."

लाजेनं माझं काय झालं असेल बघ. मास्तर काठी टेकत आले. माझ्याशी हवापाण्याचं काही बोलले नाहीत. पूर्वीच्याच अदबीनं विचारलं, "तुमाले हा खण अजून पाह्यजे काय?"

मला सासरी, माहेरी, कुठं कोणी काही विचारून केलेलं नव्हतं. शाळा सोडताना विचारलं नाही, लग्न ठरवताना विचारलं नाही. आणि इथं हा माणूस बायकोची बोलणी खात एवढी वर्षं थांबला होता, मी माझ्या तोंडानं काय म्हणते त्यासाठी. खरं सांगू, मला नाही म्हणवेना. मालकीणबाई बरणी कडेवर घेऊन माझ्याकडं पाहत होत्या.

"नको आता," मी म्हणाले आणि माझ्या हातानं पान फिरवलं.

मास्तरांनी खिशातून गोटी काढली, वर सोडली. ती सगळ्या भरल्या खणांसमोरून गडगडत आली आणि माझ्या खणात पडली. मालकीणबाईंनी तिच्यामागोमाग बरणी आत ठेवली, पान फिरवलं, हात पुसले आणि म्हणाल्या, "चहा घेतं ना?"

तर अशी ती गोष्ट. तुझ्या साहेबांना सांगायची असेल तर सांग, वरवंट्याचं तेवढं वगळ. आणि फोनवर आता पुरे झालं. इकडे हुरड्याचे दिवस आलेत, ज्वारी दाण्यावर आहे, मला एकटीला भाजून खायचा कंटाळा येतो. शनिवारची गाडी पाहा आणि दोन दिवस काढून ये. लवकर येजो.